नीट

कॅम्पातल्या कुटिन्हो मिस
रॉटरडॅमच्या इस्पितळात सत्तावीस वर्षं काढून आल्या.
आता बेकरीच्या माडीवर डच शिकवतात,
आम्ही आठ जणी. खालून पावाचा वास येतो
आणि बरोबर नऊला मिस म्हणतात,
क्रियापदाचं शेपूट तोडा. उरेल ती आज्ञा.

वाख्टन म्हणजे थांबणं. वाख्ट, थांब.
कोमन, येणं. कोम, ये.
खान म्हणजे जाणं, म्हणून जा म्हणताना
घसा खरवडून म्हणायचं: खा.
बैलहोंगलची गिरिजव्वा हसून बाकावर आडवी.
जा म्हणायला खा!
मग या लोकांच्यात पाहुणा
जेवणार कधी अन् उठणार कधी?

नुसतं वाख्ट म्हणू नका, तुटक वाटतं.
वाख्ट एवन म्हणा. कोम मार म्हणा.
हे एवन, हे मार म्हणजे काय मिस?
काही नाही. पाठीवरचा हात.
मला कळलं. आमच्या कंग्राळीत
त्याला 'की' म्हणतात.
थांब की. ये की. बस की गं जरा.
पुण्याची मामेबहीण हसते या 'की'ला,
तिला वाटतं वाक्य अर्धं राहिलंय.

मग आला नकार.
नामाच्या पुढं खेन:
खेन पाणी, खेन वेळ, खेन सुट्टे पैसे.
गिरिजव्वा म्हणाली, कळलं, इल्ल आणि अल्ल.
मिस म्हणाल्या, तसं नाही. मग म्हणाल्या, तसं नव्हे.
आणि 'नको' कुठाय, मी विचारलं.
मिसनी खिडकीबाहेर बघितलं.
तेवढा एक शब्द मला तिथं
सत्तावीस वर्षं सापडला नाही.

बाकी सगळ्याला नीट.
स्पेलिंग काही का असेना, तोंडात आपलाच, नीट.
मी वहीत लिहिलं: नीट म्हणजे नाही,
आणि त्या ओळीकडं बघत राहिले.
नीट बस. नीट चाल. ओढणी नीट.
मोठ्या माणसांशी नीट बोल.
चोवीस वर्षं हे मी मराठीत ऐकलं
आणि बहुतेक डचमध्ये पाळलं.

दिवसा मी दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ एक्स-रे काढते.
दिवसभर आज्ञाच.
श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा.
हुक्केरीकडचं कुणी आलं तर
उसिर तगोरी. हिडीरी. अलुगाडबेड्री. बिडरी.
परवा निपाणीची एक बाई आली,
तंबाखूच्या वखारीत धाप घेऊन बसलेली छाती,
नखं पिवळी, प्लेटला गाल टेकवून उभी.
माझ्या तोंडात आदल्या दिवसाचा धडा:
नीट बेवेखन, मी म्हणाले. म्हणजे हलू नका.
तिला फक्त नीट कळलं.
इतकी नीट उभी राहिली ती
की बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी.
आणि मी सोडा म्हणायचं विसरले.
तीन भाषांतून कुठलं काढू म्हणेपर्यंत
काचेपलीकडून तिचाच आवाज आला,
"सोडू काय की, बाई?"
विचारण्यातच श्वास सुटून गेला होता.

गुरुवारी परीक्षा.
वाक्यं नकारार्थी करा, पान चौदा.
आई आत भाकऱ्या थापत होती,
मी उंबऱ्यावर बसून मोठ्यानं घोकत होते.
मी जाते: इक खा.
मी जात नाही: इक खा नीट.
इक खा नीट. इक खा नीट.

"व्हय," आतनं आई म्हणाली,
"नीट खा की तिथं.
अशी वाळून परत येऊ नको."

मी तिला काही सांगितलं नाही.
पुढचं वाक्य होतं, मला भूक आहे.
तिथं खेन लागतं.